कातडीचं झाड

पहिल्यांदा कडी वाजते तेव्हा चुलीत धग असते.
दुसऱ्यांदा नसते.
तिसऱ्यांदा मी मोजणं सोडते
आणि चौथ्यांदा परत मोजायला लागते,
कारण बाहेरून काहीच आवाज येत नाही.

केमिंग कुंपणापाशी उभा असतो
ओकूच्या डोंगरावरचं धुकं खांद्यावर घेऊन,
उधारी मागायला गेलेला माणूस
परक्या दारात ताटकळावा तसा.
एक थेंब. मग बराच वेळ नाही. मग एक.
मी हाक मारत नाही.
अशा वेळी हाक मारली की आलेलंही माघारी जातं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हाच माणूस,
सत्तावीस वर्षं सालीच्या गोण्या
डोक्यावरून खाली आणणारा.
आमच्याकडे त्या झाडाला म्हणतात कांडा स्टिक.
कांडा म्हणजे कातडी.
कातडीचं झाड, जणू आत दुसरं काही नाहीच.
त्या सालीचा कडवट वास
त्याच्या सदऱ्यात, उशीत,
आमच्या थोरल्याच्या टाळूवरसुद्धा होता.

"पोट आणि पाठ ठेव, फक्त कुशी घे,"
त्याचा बाप सांगायचा.
दोन बाजू सोलायच्या, दोन ठेवायच्या,
मग कितीतरी वर्षं त्या झाडाकडे फिरकायचं नाही.
रात्री कोयते घेऊन येणारे
चारी अंगांनी सोलतात, पार फांदीपर्यंत.
झाड उभंच असतं.
वर्षभर पानंही धरतं.
मेल्याचं त्याला उशिरा कळतं.

काट्यावरचा तान्गवा एकदा म्हणाला,
ही साल जहाजाने जाते,
तिकडे तिच्या गोळ्या होतात,
डबीवर एक हसरा म्हातारा छापलेला असतो.
तिकडचे म्हातारे त्या गिळतात
आणि रात्रभर झोपतात, म्हणे.
केमिंग तेव्हा चाळिशीचा. हसून हसून वाकला.
"म्हणजे मी लोकांची झोप वाहतोय!
काय भाव आहे झोपेला?"
तान्गवाने काटा दाखवला.
काटा नेहमीसारखाच, जरा तान्गवाकडे झुकलेला.

परवा शिसाँगच्या इस्पितळात
सिस्टर युनिसने हातमोजा चढवला
आणि सत्तावीस वर्षं डोंगर चढलेला माणूस
भिंतीकडे तोंड करून लहान झाला.
"वाईट गाठ वाटत नाही," ती म्हणाली,
"नुसती वाढलीय. कोलाच्या बीएवढी असायची,
ती आता अंड्याएवढी झालीय."
एका महिन्याच्या औषधाचे पैसे
मी मनातल्या मनात गोण्यांत मोजले.
गोण्या संपल्या, महिना उरला.
"आणि आमची साल?" मी विचारलं.
"कुणाला बरं वाटतं, कुणाला नाही.
पण अडलंच तर सालीच्या भरवशावर रात्र काढू नका.
इथे या. चालत नाही, गाडीने."

दुसऱ्या दिवशी तो कोयता घेऊन वर गेला,
संध्याकाळी रिकामा परतला.
"तीन वर्षांपूर्वी मीच सोललेलं,
कुशी अजून भरल्या नाहीत गं."
एवढंच बोलला आणि मक्याचा फुफू न जेवता बसून राहिला.

मग मी जुन्या गोण्या झटकल्या.
शिवणींतून अर्धी मूठ भुकटी निघाली,
थोडी सालीची, थोडी उंदरांची, निवडून घेतली.
उकळली. वर ओकूचा पांढरा मध.
एक घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.
"हे इतकं कडू?
आणि याला लोक पैसे देतात?"

रात्री कडी वाजली.
किती वेळा, ते मी सांगणार नाही.
तान्गवाला तर नाहीच.
एवढंच सांगते, की एकदा
मी घोंगडं घेऊन मागोमाग गेले
आणि त्याच्याकडे पाठ करून
वारा येत होता त्या अंगाला उभी राहिले.
दुसरं अंग कुंपणाने सांभाळलं.